कुणी धरला शालनचा पाय

शालन वाघमारेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या आवारात उभी असलेली एक गाडी ढकलत होती. सकाळची वेळ. ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, दोन्ही हात डिकीवर टेकलेले, एक पाय पुढे, दुसरा मागे ताणलेला, मान खाली. गाडी तसूभरही हलत नव्हती. मी दूध घेऊन येत होते. एक बाईमाणूस एकटी गाडी ढकलतेय आणि बिल्डिंगमधले पुरुष गॅलरीत चहा पीत बघतायत, याचा मला संताप आला. पिशवी कठड्यावर ठेवली, पदर खोचला आणि तिच्या शेजारी जाऊन मीही डिकीला हात लावले. सगळं बळ एकवटून ढकलायला लागले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, परत खाली घातली आणि मला ढकलू दिलं. शेवटी माझाच दम गेला, तेव्हा विचारलं, "कुठपर्यंत न्यायचीय?"

"कुठेच नाही," ती म्हणाली. "आता दुसरा पाय मागे घे."

गाडी तिची नव्हती. ज्याची होती त्याने हँडब्रेक ओढून ठेवला होता. बाई सकाळचं पळणं संपवून आली होती आणि आपल्या पोटऱ्या मोकळ्या करत होती.

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे साठीची. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या साठीच्या पोरीकडे बघते तेव्हा तिच्या अकलेची मला कीव येते. पण गाडी ढकलायला गेली नसती तर तिला शालन भेटली नसती, म्हणून तिला फार बोलत नाही.

बोरिवली पूर्वेला आमची जुनी बिल्डिंग आहे, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. शालन नुकतीच तिसऱ्या मजल्यावर, माझ्या बरोबर डोक्यावर, राहायला आली होती. सगळं आयुष्य घाटकोपरच्या दोन खोल्यांत दहा माणसांबरोबर काढलेलं. नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे. नवरा गेला, मुलगी प्राची लग्न होऊन मुलुंडला गेली, आणि रिटायर झाल्यावर या बाईने एकटीच्या नावावर घर घेतलं. बोरिवलीच का, असं मी विचारलं तर म्हणाली, पळायला झाडं लागतात. नॅशनल पार्क जवळ म्हणून घर. देवळाजवळ, शाळेजवळ, स्टेशनजवळ घर घेणारी माणसं मी पाहिली होती. पळायच्या रस्त्याजवळ घर घेणारी साठीची बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. दारावरच्या पाटीवर फक्त तिचं नाव होतं, आणि पाटी पुसायची वेळ आली की ती बाहेर उभी राहून ते नाव परत एकदा वाचायची. प्राची दर रविवारी येऊन सांगायची की आई, माझ्याकडे चल, एवढे जिने कशाला. शालनचं उत्तर ठरलेलं. माझे पाय मला वर नेतायत तोवर मी वर राहणार.

बोलणं तिकीट खिडकीतलं. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. मी पहिल्या दिवशी तिला अहो वाघमारेबाई म्हणाले, तर तिने हातच झटकला. "अहो काय गं? एकत्र गाडी ढकलली आपण. शालन म्हण." माझं नाव मंदाकिनी. त्याचं मंदा करून टाकायला तिला अर्धा जिनासुद्धा लागला नाही. माझ्या सासरी मला अजून कुणी नुसतं मंदा म्हणालेलं नव्हतं. मी दुधाची पिशवी हातात धरून पायरीवर उभीच राहिले आणि ती दोन-दोन पायऱ्या घेत वर गेली.

पुढच्याच आठवड्यात मी गुलाबी बूट आणले. याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. विशीत असताना मी सुटलेल्या बसमागेही पळाले नव्हते, कारण धावताना साडी वर जाते आणि लोक बघतात. त्या शहाणीने अख्खी तरुणाई बसस्टॉपवर पुढच्या बसची वाट बघत घालवली. आणि साठीत तिला वाटलं, पळण्यात काय शिकायचंय? लहान मुलंसुद्धा पळतात. शालनला न सांगता मी एकटीच पार्कात गेले आणि गेटपासून जी सुटले, ती समोर माकडांचा घोळका बसला होता म्हणूनच थांबले. घरी येऊन सोफ्यावर विजयी वीरासारखी पडले आणि दिवसभर हलले नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्यांच्या जागी कुणीतरी पाटा-वरवंटा बांधून गेलं होतं. कमोडवर बसताना नळ धरावा लागला, उठताना सुनेला हाक मारावी लागली, आणि याहून जास्त मी इथे सांगणार नाही. खाली उतरायचं तर पुढून उतरणं शक्यच नव्हतं, म्हणून मी कठडा धरून उलटी उतरायला लागले. वरून शालन आली. माझ्या तोंडाकडे पाहत, माझ्या चालीने, एक-एक पायरी ती माझ्यासमोर उतरत राहिली. हसली नाही. एवढंच विचारलं की काल पळून आल्यावर काय केलंस. मी म्हटलं, आराम. तिने कपाळाला हात लावला.

संध्याकाळी ती लाटणं मागायला आमच्या स्वयंपाकघरात शिरली. माझी सून अमृता कणीक मळत होती. तिला वाटलं, नव्या शेजारणीकडे पोळ्यांना लाटणं नाही. तिने कौतुकाने दिलं. शालनने मला जमिनीवर बसवलं, साडी गुडघ्यापर्यंत सारली आणि माझ्या पोटरीवरून ते लाटणं फिरवायला सुरुवात केली. हलक्या हाताने, हाडाला न लागता, गुडघ्याच्या मागची लवण सोडून, पोळी फाटू नये तसं. अमृता कणकेचा हात तसाच वर धरून दारात उभी. तिच्या माहेरी सासूला कुणी लाटलेलं नव्हतं. "धुऊन देते गं," शालन म्हणाली आणि दुसरी पोटरी घेतली. आमच्या घरात त्या दिवसापासून दोन लाटणी आहेत.

पळण्याबद्दल तिला जे ठाऊक होतं त्यातलं अर्धं मोबाईलवर बघितलेलं होतं आणि अर्धं तिने स्वतः रचलेलं. केळं खाल्लं की पायात गोळा येत नाही यावर तिची श्रद्धा होती, आणि केळं खाऊन गोळा आला की ती केळ्याच्या जातीला दोष द्यायची. पण एक गोष्ट ती अशी सांगायची की मी ती पुढे कितीतरी बायकांना सांगितली. ती म्हणायची, दुखणं वेगळं आणि आखडणं वेगळं. दुखणं ओरडतं. ते ओरडलं की थांबायचं, पळायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. आखडणं ओरडत नाही, ते रुसतं. रुसलेल्याला हिसका द्यायचा नाही. त्याच्याजवळ जाऊन बसायचं, हळूच ओढायचं, धरून ठेवायचं, श्वास सोडायचा, आणि ते आपण होऊन सैल पडेपर्यंत घाई करायची नाही. मी ताणताना गचके द्यायची, लवकर सुटावं म्हणून. ती माझ्या पाठीवर थाप मारायची, की अगं तो पाय आहे, बंद पडलेलं दार नाही.

तिने मला पळायला नाही, आधी चालायला लावलं. दोन दिव्यांच्या खांबांमध्ये पळायचं, पुढचे दोन खांब चालायचं. पळून आल्यावर बसायचं नाही, फेऱ्या मारत थंड व्हायचं. दुसऱ्या दिवशी पाय भरून आले तरी घरात लोळायचं नाही, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत तरी जाऊन यायचं. मी रेंगाळले की मागून आवाज यायचा, "पुढे सरका." पार्कातले अनोळखी म्हातारेसुद्धा दचकून पुढे सरकायचे.

स्वतःच्या पायांना तिने नावं ठेवली होती. डावा गरीब, उजवा शहाणा. गरीब सगळं ऐकतो, शहाण्याला समजावून सांगावं लागतं. बसस्टॉपवर, रेशनच्या रांगेत, बँकेत नंबर येईपर्यंत ती कुठेही उभी राहून एक टाच मागे उचलून हातात धरायची आणि शहाण्याशी पुटपुटायची. लोक बघायचे. मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची आणि आपण हिच्याबरोबर नाही असं दाखवायला भिंतीवरची नोटीस वाचायची. व्याजदर मला तेव्हापासून पाठ आहेत.

पण लोकांनी बघण्याचा कळस झाला तो साठेकाका गेले तेव्हा.

दुसऱ्या मजल्यावरचे साठेकाका अचानक गेले. आम्ही दोघी सकाळी पार्कात लांब पळून आलो होतो आणि अंघोळ करून तशाच भेटायला गेलो. खोलीभर माणसं, खाली सतरंजी, सगळ्या बायका मांडी घालून. साठेकाकू खुर्चीत बसलेल्या, डोळे कोरडे. काका गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या आणि सगळ्यांना त्याचीच काळजी होती. कुणीतरी बारीक आवाजात आजाराचं सांगत होतं. माझ्या शेजारी शालनचा श्वास एकदम अडकला. मी पाहिलं तर तिचा चेहरा पिळवटलेला. ती धडपडत उठली, भिंतीपाशी गेली, दोन्ही हात भिंतीला टेकवले, मान खाली घातली आणि एक पाय मागे ताणून तशीच उभी राहिली.

मला कळलं. बाकी कुणाला कळणार? खोलीतलं बोलणं थांबलं. शालनची पाठ थरथरत होती. एका बाईने पदर डोळ्यांना लावला, तिचं बघून दुसरीने. कुणीतरी माझ्या कानात विचारलं की यांचं काकांशी फार होतं का. मी काय सांगणार? काका तिला जिन्यात भेटले की पाण्याच्या टाकीवरून भांडायचे. आणि तेवढ्यात काकू स्वतः खुर्चीतून उठल्या. सगळ्यांच्या मधून वाट काढत त्या शालनपाशी गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या की रडू नकोस गं, त्यांना त्रास झाला नाही.

मी मनात म्हटलं, शालन, आता तरी गप्प बस. दोन मिनिटं रडल्यासारखं कर. आपण सुटू.

"काकू, मी रडत नाहीये," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "पोटरीत गोळा आलाय."

मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं, पण खाली पहिल्या मजल्यावरचं बिऱ्हाड होतं. काकूंनी हात काढला नाही. त्या म्हणाल्या, माझ्याही पायात येतात. बसून बसून. मला कुणी उठूच देत नाहीत.

शालनने बाजूला जागा केली. काकूंचे दोन्ही हात धरून भिंतीला लावले, एक पाय मागे घ्यायला लावला, टाच जमिनीला टेकव म्हणाली, श्वास सोड म्हणाली. हार घातलेल्या फोटोखाली दोघी भिंत ढकलत उभ्या राहिल्या. काकूंनी श्वास सोडला, आणि त्याच्याबरोबर रडू आलं. आधी हळू, मग मोठ्याने. त्यांची बहीण धावत जायला निघाली तर शालनने नुसती मान हलवून तिला थांबवलं. काकू भिंतीला हात लावून पोटभर रडल्या. नंतर पाय बदलला.

बाहेर आल्यावर मी तिला बोलणार होते. शब्द जुळवत होते. ती म्हणाली, बघितलंस, किती आखडल्या होत्या.

त्यानंतरच्या वर्षी शहाणा बिघडला.

सुरुवात कशी झाली ते सांगणं कठीण आहे, कारण ज्या शब्दात ती झाली तो शब्द आम्ही रोज वापरत होतो. शालन एकदा पळून आल्यावर म्हणाली, उजवा पाय धरलाय. धरेल, त्यात काय. माझा धरायचा, तिचा धरायचा, पार्कातल्या निम्म्या बायकांचा धरायचा. आपल्याकडे पाय धरतो, पाठ धरते, मान धरते, छातीसुद्धा धरते. कुणी धरलं, हे कुणी विचारत नाही.

तिने त्याची समजूत काढायला घेतली. शेक दिला, लाटणं फिरवलं, केळ्यांची जात बदलली. पाय सुटेना. तो दुखतही नव्हता, हे विशेष. ओरडत नाही म्हणजे रुसलाय, असं म्हणून ती आणखी वेळ भिंतीपाशी उभी राहायची. मग खांदा धरला, तोही उजवाच. मग चपलेचा उजवा तळ पुढून झिजायला लागला, कारण पाऊल नीट उचललं जाईना. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना तिची पावलं मी माझ्या घरात बसून ऐकायची. आधी दोन सारखे आवाज येत. आता एक आवाज यायचा आणि एक घसटायचं.

जवळच्या डॉक्टरांनी तपासलं, वय विचारलं, आणि या वयात पळतंय कोण असं म्हणून मलम दिलं. प्राचीला तेवढंच हवं होतं. आता पळणं बंद, तिने सांगून टाकलं; अजून एकदा पाय धरला तर घर बंद करून मुलुंडला यायचं. त्या दिवसापासून शालन प्राचीसमोर पाय धरला हे शब्दच काढेना. रविवारी लेक यायची वेळ झाली की ती आधीच खुर्चीत बसून राहायची आणि चहा करायला मला खालून बोलावून घ्यायची. लेक गेली की दारातली पाटी पुसायची.

हिवाळ्यात आमच्याकडे एक पळण्याचा कार्यक्रम असतो, दहा किलोमीटरचा. शालनने दोघींची नावं दिली होती. त्याच्या सरावात अमृताने एकदा मोबाईलवर आमचं पळणं टिपलं. घरी येऊन आम्ही तिघी ते बघायला बसलो. मी पडद्यावर पिशवीत मांजर कोंडल्यासारखी पळत होते, त्यावर अमृता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मला दिसलं की सगळ्यांचे दोन्ही हात हलतायत, शालनचा एकच. उजवा हात कोपरात वाकून पोटापाशी तसाच धरलेला, खांद्याला पर्स अडकवल्यासारखा. मी म्हटलं, पर्स कुठे ठेवलीस गं? अमृता परत हसली.

शालन हसली नाही. तिने ते परत लावायला सांगितलं. परत बघितलं. मग उठून उभी राहिली आणि आमच्या हॉलमध्ये चालून दाखवत म्हणाली, बघा, हलतोय ना? मी तर हलवतेय. हात हलत नव्हता. तिला वाटत होतं ती हलवतेय. अमृताचं हसू तिथल्या तिथे वाळून गेलं.

मोठ्या डॉक्टरकडे ती मला घेऊन गेली, प्राचीला नाही. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, माझ्या अमृतापेक्षाही लहान. तिने पोटरीला हातही लावला नाही. शालनला अंगठ्यावर बोट आपटायला सांगितलं, पटापट. डाव्या हाताची बोटं भराभर उघडमिट झाली. उजवी सुरू झाली आणि चावी संपलेल्या खेळण्यासारखी मंदावत गेली. मग पॅसेजमध्ये चालायला सांगितलं, वळायला सांगितलं, आणि खुर्चीत बसवून हळू आवाजात आजाराचं नाव सांगितलं. आधी इंग्रजी. शालनने मराठीत काय म्हणतात विचारलं.

कंपवात, ती मुलगी म्हणाली.

"कसला कंप?" शालन म्हणाली. "माझा हात हलतच नाही, हीच तर तक्रार आहे."

मलाही तेच वाटलं होतं. मला वाटलं, पोरगी चुकली. ज्यांना कंपवात झालेला मी पाहिला होता त्यांच्या कपातला चहा बशीत सांडायचा. शालनचा हात तर दगडासारखा स्थिर. डॉक्टर मुलीने समजावलं की पुष्कळांना आधी कंप येतच नाही, आधी अंग आखडतं, एकाच बाजूचं, आणि माणसं वर्ष वर्ष खांद्याला आणि पायाला तेल चोळत बसतात. स्नायूचं काही बिघडलेलं नाही. त्याला सोडायचा जो निरोप वरून यायला हवा, तो नीट येत नाही. मी शालनकडे बघायचं टाळून टेबलावरच्या पेनाकडे बघत होते. शालनने एकच विचारलं, पळू का. मी ऐकून चाट पडले, आणि उत्तर ऐकून त्याहून. पळा, ती मुलगी म्हणाली. गोळ्या घ्या, सोबत कुणीतरी असू द्या, आणि जमतंय तोवर अजिबात थांबू नका.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना शालन मध्येच थांबली आणि खाली आपल्या पायाकडे बघत राहिली.

"तो रुसलेला नव्हता गं," ती म्हणाली. "मी उगीच समजूत काढत बसले. तो मला ओळखतच नाहीये."

तिकीट खिडकीमागे आयुष्य काढलेल्या त्या बाईच्या आवाजात मी पहिल्यांदा इतकी जागा ऐकली. दोन वाक्यांच्या मध्ये माणूस उभा राहील एवढी. एरवी मी चुरचुरीत काहीतरी बोलले असते. त्या दिवशी मला माझं घर कुठल्या दिशेला आहे तेही आठवेना, तीच मला हाताला धरून रिक्षापर्यंत घेऊन गेली.

दहा किलोमीटर आम्ही पळालो. शालन त्या दिवशी खरोखरच उजव्या हाताला पर्स अडकवून आली. काळी, चकचकीत, लग्नाला नेतात तसली. आता कुणी विचारणार नाही हात का वाकडा म्हणून, असं म्हणाली. रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवणारी पोरं तिला ओरडून सांगत होती की आजी, पर्स द्या, आम्ही सांभाळतो. ती त्यांना पुढे सरका म्हणत होती. आम्ही शेवटून कितव्या आलो ते सांगत नाही. आमच्यामागे पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करणारा टेम्पो होता. घरी आल्यावर तिने प्राचीला फोन केला आणि दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या, आजाराची आणि शर्यतीची.

त्यानंतर ती आमच्या डोक्यावर आणखी चार वर्षं राहिली. प्राचीने भांडणं केली, रडली, मग कठड्याला दुसऱ्या बाजूनेही दांडी बसवून दिली. शालन पार्कात पळायची, मग आवारात पळायची, मग गच्चीवर. गोळीचा अंमल असेल तेवढ्यात जिना उतरायचा आणि तेवढ्यात चढायचा, असं तिचं दिवसाचं गणित झालं. एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचे पाय असे थांबले की पुढेही जाईनात आणि मागेही. साठेकाकूंनी तिथेच खुर्ची आणून दिली आणि त्या शेजारी पायरीवर बसून राहिल्या. प्राची मुलुंडहून पोचली तेव्हा शालन तिला म्हणाली की चल, येते. प्राचीनेच मग रडून घेतलं. पाटी शालनने स्वतः काढायला लावली आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवली.

मी मुलुंडला गेले ते मागच्या महिन्यात. प्राचीची बिल्डिंग नवी, उंच. दारापासून लिफ्टपर्यंत गुळगुळीत फरशीचा लांबच लांब पॅसेज. शालन वाळली होती. चेहरा हलत नव्हता, डोळे हलत होते. आवाज बारीक झाला होता, पण उत्तर अजून प्रश्नाच्या आधीच यायचं. दुपारभर आम्ही बोललो. निघताना ती म्हणाली, लिफ्टपर्यंत सोडायला येते.

प्राचीने तिला उभं केलं. दारापर्यंत ती बारीक पावलांनी आली आणि उंबऱ्यात थांबली. पुढचं पाऊल पडेना. टाचा थरथरत होत्या, पण चवडे फरशीला खिळे मारल्यासारखे. मी ते पहिल्यांदाच बघत होते. मी हात पुढे केला.

"हात नको," ती म्हणाली. "तू पुढे जा. लिफ्टपाशी उभी राहा."

मी प्राचीकडे पाहिलं. आई, आज नको, प्राची म्हणाली. तिच्या आवाजावरून ती हे रोज म्हणत असावी. शालनने ऐकलंच नाही. मग प्राची माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, पाठ भिंतीला लावून घट्ट उभ्या राहा. तिला चालता येत नाही, पण पळता येतं. फक्त थांबता येत नाही."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. तरी गेले. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्टच्या शेजारी, पाठ भिंतीला लावून उभी राहिले. शालन उंबऱ्यात तशीच, जराशी पुढे वाकलेली. समोरच्या दारातून एक बाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली आणि आमच्या तिघींकडे बघत थबकली.

आणि शालन पळाली. जिला दोन मिनिटांपूर्वी उंबरा ओलांडता येत नव्हता, ती बाई दोन्ही पाय उचलून, ओढणी मागे उडवत, त्या गुळगुळीत फरशीवरून सरळ माझ्या अंगावर येत होती. गरीब आणि शहाणा, दोघांचा सारखा आवाज येत होता. बादलीवाली भिंतीला चिकटली. प्राचीने तोंडावर हात घेतला. शालनचा चेहरा तसाच निश्चल, पण डोळे असे की मी ते वर्णन करून बिघडवणार नाही.

माझ्या आयुष्यात माझ्याकडे इतक्या वेगाने कुणी आलेलं नाही. मी पाय रोवले आणि दोन्ही हात पसरले.